तिखटाची पुडी आणि शस्त्राचा अधिकार

१

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. तास संपला, वर्ग रिकामा झाला आणि बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या टेबलाशी घुटमळत राहिली. मला वाटले, परीक्षेच्या फॉर्मचे काही असेल. तिने आधी दाराकडे पाहिले आणि मग हळूच विचारले, "मॅडम, पेपर स्प्रे कोणता घ्यावा?"

मी इतिहास शिकवते. हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात नाही. पण प्रश्न विचारणारी मुलगी आमच्याच वस्तीसारख्या एका वस्तीतून येते. एस. टी. तिला फाट्यावर उतरवते. तिथून घरापर्यंत अडीच किलोमीटर वाट आहे, दोन्ही बाजूंना तुरी आणि पऱ्हाटीची शेते. चार दिवसांपासून एक मोटारसायकल तिच्या मागे संथपणे चालत होती. गाडीवर दोघे असत. ते काही बोलत नव्हते, फक्त मागे येत होते. "घरी सांगितलंस का?" असे मी विचारले. ती म्हणाली, "बाबांना सांगितलं तर कॉलेज बंद होईल."

प्रश्नाचे खरे मोल या एका वाक्यात होते. तिला शस्त्र हवे होते ते कोणाला मारण्यासाठी नव्हे, बी. ए. पूर्ण करण्यासाठी. "उद्या सांगते," असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या रात्री माझ्या ध्यानात आले की १८७८ च्या शस्त्र कायद्यावर मी दरवर्षी दोन तास घेते. त्याची कलमे, लिटनचे धोरण, राष्ट्रीय सभेची मागणी सारे सांगते. पण या मुलीच्या हातात काय असावे आणि ते असण्याचा तिला अधिकार कुठून मिळतो, हे मला सांगता येत नाही. प्रस्तुत लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. ते लांबले, कारण या देशात कोणाच्या हातात काय असू द्यायचे हे बाजाराने ठरवण्याच्या कितीतरी आधी जातीने ठरवून टाकले होते.

२

माझी माय मिरचीच्या सातऱ्यावर कामाला जात असे. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर, कुही, मांढळ या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना सातरा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. मोकळ्या रानात लाल मिरचीचे ढीग वाळत पडलेले असतात. बायका त्यांच्या कडेने ओळीने बसतात आणि एकेका मिरचीचा देठ खुडतात. मजुरी वजनावर. तोंडाला पदर बांधलेला, तरी खोकला थांबत नाही. संध्याकाळी माय घरी आली की आम्हा लेकरांना जवळ घेत नसे. हातांची आग रात्रभर चालायची. ती आधी गोडेतेल चोळायची, मग साबण लावायची. नुसत्या पाण्याने आग जात नाही, हे तिला ठाऊक होते. का जात नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचले: मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. मायला पुस्तक नव्हते, अनुभव होता.

याच सातऱ्यावरून उशिरा परतताना मायच्या कनवटीला कागदाची एक पुडी असायची. तिच्यात तिखट असे. मी अकरावीला तालुक्याच्या गावी जाऊ लागले तेव्हा तशीच पुडी तिने माझ्या दप्तरात घातली. मी रागावले. मला लाज वाटली होती. इतर मुलींच्या दप्तरात कंपास, रुमाल आणि माझ्या दप्तरात तिखट! माय म्हणाली, "राहू दे पोरी. भाकरीसंगं बी कामी येते अन् वाटेनं बी." मी ती पुडी वर्षभर वागवली. एकदाही उघडली नाही. पण वाटेवर सायकलची घंटी मागून वाजली की हात आपोआप दप्तराकडे जायचा. आज माझी विद्यार्थिनी जे विकत घेऊ पाहते, ते त्याच पुडीचे कारखान्यात भरलेले रूप आहे.

३

आता इतिहासाकडे वळू.

गावगाड्यात महाराच्या हातात काठी होती. वेसकर म्हणून तो वेशीवर उभा राही, रात्री गस्त घाली, सरकारी वसुली तालुक्याला पोचवी, चोराचा माग काढी. म्हणजे गावाचे रक्षण हे त्याचे काम होते. परंतु जी काठी साऱ्या गावाच्या पेट्यांसाठी आणि लेकीसुनांसाठी उचलायची, ती स्वतःच्या घरासाठी उचलण्याची त्याला मुभा नव्हती. राखणदाराच्या घराला राखण नाही, असा हा वतनाचा करार होता. त्या करारावर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडून घाव घातला, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले.

यामागचे शास्त्र जुने आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शस्त्र कोणी आणि कधी धरावे याची चर्चा आहे. धर्मावर संकट आले, स्वतःवर हल्ला झाला, स्त्रिया आणि ब्राह्मण यांचे रक्षण करायचे झाले, तर द्विजांनी शस्त्र उचलावे अशी मोकळीक तिथे आहे. शूद्र त्या वाक्यात नाही. अतिशूद्राचा तर प्रश्नच नाही. आणि स्त्री आहे ती रक्षण करण्याची वस्तू म्हणून. शस्त्र धरणारा हात म्हणून नव्हे. तेव्हा दलित स्त्री या व्यवस्थेत दोनदा निःशस्त्र झाली: एकदा जातीने, एकदा स्त्रीपणाने. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी याच दुखण्यावर बोट ठेवले आहे. हिंदुस्थानात खालच्या वर्गांनी क्रांती का केली नाही, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर असे, की चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्रही ठेवू दिले नाही आणि शिक्षणही घेऊ दिले नाही. शस्त्र आणि शिक्षण ही जोडी त्यांनी एका दमात उच्चारली, हे मला त्या मुलीच्या प्रश्नानंतर नव्याने जाणवले.

शस्त्र हाती येताच काय झाले, हे १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईने दाखवले. भीमेकाठच्या स्तंभावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले होते. पण इंग्रजांचेही प्रेम गरजेपुरते होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धान्त निघाला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती थांबली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी झाली, युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडली. बेळगावला महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ यावा लागला. एका समाजाला बंदूक देणे, काढून घेणे, पुन्हा देणे, पुन्हा काढून घेणे हा जवळपास सव्वाशे वर्षांचा खेळ आहे. दरम्यान १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बंद केले आणि युरोपियनांना सूट दिली. राष्ट्रीय सभेचे पुढारी या भेदावर तळमळून बोलत. मनुस्मृतीतील त्याच जातीच्या भेदावर तितक्या तळमळीने बोललेले मला फारसे आढळले नाहीत.

महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर, वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून सवर्ण जमाव लाठ्या घेऊन परिषदेच्या लोकांवर चालून आला. जेवणाची भांडी मातीत गेली, माणसे रक्तबंबाळ झाली. आपल्या लोकांची संख्या आणि संताप दोन्ही मोठे होते. त्यांत सैन्यातून आलेले जुने जवानही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. हा संयम दुबळ्यांचा नव्हता. समता सैनिक दल त्याच काळातले आहे, हे विसरून चालणार नाही. शिस्त आणि प्रतिकार यांचे नाते तिथे शिकायला मिळते.

मात्र या साऱ्या इतिहासात एक उणीव आहे आणि ती आपणच बोलून दाखवली पाहिजे. शस्त्राचा आपला इतिहास पुरुषांच्या हातांचा इतिहास आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली, आणि समता सैनिक दलाचीही परिषद झाली. हजारो बाया त्या मंडपात होत्या. पण महिलांची परिषद वेगळी आणि सैनिकांची वेगळी. या दोन मंडपांमधले अंतर आपण अजून पुरते ओलांडलेले नाही.

४

कायदा काय म्हणतो? भारतीय दंड संहिता १८६० ची, अमलात आली १८६२ ला. तिच्या ९६ ते १०६ या कलमांत खासगी बचावाचा हक्क सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हीच तत्त्वे आता ३४ ते ४४ या कलमांत आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी ती पाठ करावीत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या हेतूने हल्ला झाल्यास प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, असे कलम ३८ सांगते. ॲसिड हल्ल्याचाही त्यात समावेश आहे. यात जात विचारलेली नाही. मनुस्मृतीच्या तुलनेत ही केवढी मोठी झेप आहे!

परंतु त्याच्या आधीचे कलम ३७ मर्यादा घालते. जरुरीपेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. तत्त्व म्हणून हे योग्य आहे. पण 'वेळ' या शब्दाचा अर्थ फाट्यावर एक आणि शहरात दुसरा होतो. ठाणे बावीस किलोमीटरवर आणि ठाण्यातला माणूस मोटारसायकलवाल्याच्या मामाचा मित्र, अशा ठिकाणी दाद मागायला किती वेळ लागतो, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. हे मथुरा प्रकरण म्हणून ओळखले जाते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडून दिले. कारण काय? तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, सबब तिने विरोध केला नाही, सबब तिची संमती होती! उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक विरोध केला नाही म्हणून संमती होती असे मानू नये, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले जायला मात्र २०१३ साल उजाडले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आमचे हात रिकामे ठेवले, त्यानेच न्यायालयात विचारले: तुझ्या हातांनी मग केले काय?

आणखी एक तरतूद मी मुद्दाम सांगते, कारण कार्यकर्त्यांनाही ती क्वचित ठाऊक असते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ मध्ये नियम झाले. त्यांतील तिसऱ्या नियमानुसार, जिथे अत्याचाराचा धोका आहे अशा भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करता येतात, आणि जरूर वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने देता येतात. मनूने जे नाकारले ते इथे कागदावर उलटे झाले आहे. हा नियम कागदावरून खाली उतरलेला मी माझ्या तालुक्यात पाहिला नाही. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. माझी माय त्या साली वर्षभर राबून त्याच्या निम्मेही मिळवीत नव्हती. परवाना निराळाच. म्हणजे बंदुकीचा रस्ता आमच्यासाठी पैशाने बंद. उरते ते तिखट.

५

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली आणि गरिबाच्या भाकरीची सोबतीण झाली. तिच्यातील तिखट द्रव्य १८१६ मध्ये बुखोल्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अर्धेमुर्धे वेगळे काढले. १८७६ मध्ये थ्रेश याने त्याला कॅप्सेसिन हे नाव दिले. १९१२ मध्ये स्कोव्हिल याने तिखटपणा मोजण्याची रीत बसवली. ते द्रव्य खरे तर भाजत नाही. शरीरात उष्णता आणि वेदना ओळखणारा जो ग्राहक असतो त्याला ते जाऊन चिकटते आणि मेंदूला वाटते, भाजले. तो ग्राहक १९९७ मध्ये ओळखला गेला आणि त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. सातऱ्यावरच्या बायांचे हात रात्रभर का जळतात याचा उलगडा झाला. त्यांची मजुरी मात्र वजनावरच राहिली.

अमेरिकेत १९६० च्या दशकात टपालवाल्यांना कुत्र्यांपासून वाचण्यासाठी मिरचीच्या अर्काचे फवारे मिळू लागले. १९६५ मध्ये पिट्सबर्गच्या ॲलन लिटमन यांनी 'मेस' तयार केला. त्याचा जन्म एका ओळखीच्या बाईवर झालेल्या हल्ल्यामुळे झाला, पण त्यात मिरची नव्हती, अश्रुधुराचे रसायन होते. आणि बाईच्या पर्सऐवजी तो लवकरच पोलिसांच्या कमरेला जाऊन बसला. पुढे अस्वलांना पळवण्यासाठी मिरचीच्या फवाऱ्यावर प्रयोग झाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या तपास खात्याने तो पोलिसी साधन म्हणून स्वीकारला. ज्या अधिकाऱ्याने त्याची शिफारस केली, त्याने एका उत्पादकाकडून पैसे घेतल्याचे १९९६ मध्ये न्यायालयात कबूल केले. नोव्हेंबर २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात शांतपणे जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसाने हाच फवारा मारला. आपल्याकडे २०१६ मध्ये काश्मिरात जमावासाठी मिरचीच्या जातीचे 'पावा' गोळे आणले गेले. युद्धात असली रसायने वापरायला १९९३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. स्वतःच्या नागरिकांवर वापरायला नाही!

म्हणून कोणी 'पेपर स्प्रे म्हणजे स्त्रीमुक्तीचे हत्यार' असे म्हटले की मी सावध होते. हे साधन सत्तेच्या हातातून आपल्या हातात आले आहे. आपल्याकडे ते घराघरांत पोचले डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर. ते बाळगायला परवाना लागत नाही. पण १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणाच्या विधेयकावरून एका खासदाराने लोकसभेतच ते फवारले, आणि २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात त्याला घातक शस्त्र म्हटले व बचावाचा दावा प्रथमदर्शनी मान्य केला नाही. तेव्हा ते खेळणे नव्हे. केवळ बचावासाठी, आणि बचावापुरतेच.

६

एवढा अभ्यास झाल्यावर मी मुलींना एकत्र बसवले. अकरा जणी आल्या. आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगते; शिक्षकांना उपयोगी पडेल.

निवड करताना डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. अर्काचे टक्के म्हणजे तिखटपणा नव्हे. अर्कात कॅप्सेसिन किती हे महत्त्वाचे. मुदतीची तारीख पाहावी, कारण जुन्या डब्यातला दाब कमी होतो आणि फवारा पायाशीच पडतो. धार मारणारा डबा वाऱ्यात बरा, पण नेम लागतो. धुक्यासारखा पसरणाऱ्याला नेम कमी लागतो, पण तो वाऱ्याने उलटतो. आमच्या मुली उघड्या रानातून चालतात, म्हणून आम्ही धारेचा घेतला. चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्याला खटका हवा, आणि तो खटका अंधारात अंगठ्याने उघडता आला पाहिजे.

डबा दप्तराच्या तळाशी असेल तर नसल्यासारखाच. फाट्यावर उतरताच तो मुठीत हवा. आम्ही पाणी भरलेल्या फवाऱ्याच्या बाटल्यांनी सराव केला: हात पुढे, सात ते दहा फुटांवरून डोळ्यांच्या रेषेत, एक-दोन सेकंद, लगेच बाजूला सरकायचे, ओरडायचे आणि पळायचे. तिथे थांबून परिणाम पाहायचा नाही. पहिल्या दिवशी अकरापैकी सात जणींच्या तोंडून आवाजच फुटला नाही. बाटली दाबता येत होती, ओरडता येत नव्हते. 'मुलीच्या जातीने हळू बोलावे' हे घराघरांतले शिक्षण घशात बसलेले होते. चौथ्या दिवशी मैदान दणाणले आणि शेजारच्या वर्गातील प्राध्यापक धावत आले. मला त्या दिवशी खरे समाधान वाटले.

मुदत संपलेला एक डबा आम्ही मोकळ्यावर फवारून पाहिला. वाऱ्याचा अंदाज माझाच चुकला आणि मीच अर्धा तास आंधळी झाले. डोळे चोळायचे नाहीत, मोकळ्या हवेत जायचे, भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवायचे, कातडीला साबण लावायचा हे सर्व नियम मी स्वतःवर शिकवले. दम्याच्या माणसाला हा फवारा धोक्याचा ठरू शकतो, हेही सांगितले. मुली आधी घाबरल्या, मग हसल्या. घरी आल्यावर माय म्हणाली, "एवढी शिकली, पन वारा कोनीकडचा हाय हे नाही पाहिलं?"

७

शेवटी एक अवघड गोष्ट. ती टाळून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१३ ऑगस्ट २००४. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला ठार केले. ती वस्ती बहुतांशी आपल्या लोकांची. वर्षानुवर्षे त्याने तिथे बलात्कार, खंडणी, मारहाण चालवली होती आणि पोलिसांकडे जाऊन काही होत नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या आणि पोलिसांच्या डोळ्यांत तिखट पडले. अटक करायची तर आम्हा सगळ्यांनाच करा, असे वस्तीतल्या बायका म्हणाल्या. २०१४ मध्ये खटल्यातील सारे आरोपी पुराव्याअभावी सुटले. मी तेव्हा शाळेत होते. माय वर्तमानपत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेऊन गप्प बसली होती. ती पुडी तिच्या कनवटीला होतीच.

मी त्या बायांना दोष देणार नाही; तो अधिकार मला नाही. पण कायद्याच्या अर्थाने तो बचाव नव्हता. आणि दोनच वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ ला, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत दुसरा एक जमाव आला. भोतमांगे कुटुंबाने मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष देण्याचे, म्हणजे कायद्याचा रस्ता धरण्याचे धैर्य केले होते. जामिनावर सुटून आलेले आणि त्यांच्यासोबतचे लोक त्या घरावर तुटून पडले. आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. न्यायालयांनी खुनाची शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही असे ठरवले. त्या माऊलीच्या कनवटीला तिखटाची पुडी असती तर काय झाले असते? काहीच नाही. एकट्या हातातले तिखट दोघांना रोखते, गावाला नाही.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की मला असे दिसते: जमावाचा न्याय आपल्या हातात आला तर तो एखाद्या दिवशी दिलासा देईल, पण या देशात जमाव बहुतेक वेळा आपला नसतो. म्हणून आपल्याला कायदा हवा आहे, इतरांपेक्षा जास्त हवा आहे. आणि कायदा पोचेपर्यंतची जी दहा मिनिटे असतात, तेवढ्यासाठी हातात काहीतरी हवे आहे. पेपर स्प्रेची जागा त्या दहा मिनिटांत आहे, त्याहून जास्त नाही.

८

त्या मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. तिने डबा घेतला. पैसे अकरा जणींनी वर्गणी करून काढले. गाडीचा नंबर घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. तिथे गुन्हा नोंदवला नाही, साधा अर्ज ठेवून घेतला. आम्ही पोचपावती मागितली आणि मिळेपर्यंत बाकावरून उठलो नाही. एस. टी. आगारात अर्ज दिला की संध्याकाळची गाडी वस्तीपर्यंत यावी. त्याचे उत्तर अजून यायचे आहे. त्या वाटेच्या पाच मुली आता एकत्र उतरतात.

आणि अखेर तिने वडिलांना सांगितले. त्यांनी कॉलेज बंद केले नाही. ते संध्याकाळी काठी घेऊन फाट्यावर उभे राहू लागले. वेसकराचा नातू शेवटी स्वतःच्या लेकीसाठी काठी घेऊन उभा राहिला, हे पाहून माझे मन भरून आले. पण दुसऱ्याच क्षणी वाटले, ज्या दिवशी त्यांना ताप येईल त्या दिवशी? मी तिला तेच विचारले. तिने मूठ उघडून डबा दाखवला आणि म्हणाली, "मॅडम, बाबा शेवग्याच्या झाडापर्यंतच येतात. पुढं मीच म्हटलं, नका येऊ."

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले असे मला वाटत नाही. डबा कोणता घ्यावा हे सांगता आले. तो न घेता तिला अडीच किलोमीटर चालता यावे, यासाठी आपण शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी, संघटनांनी काय केले, हा प्रश्न ती कधीतरी विचारील. तेव्हा "उद्या सांगते" असे म्हणण्याची पाळी आपल्यापैकी कोणावर येऊ नये.